हायब्रीडचं बी

"हायब्रीडच म्हणाली ना तुझी मॅडम? तिच्या तोंडानं म्हणाली ना?" इंद्रसिंगनं ताटली पुढं सरकवली. "मग मला आता कुणी काही सांगू नका. हायब्रीड मी पेरून बघितलंय."

"बा, ते हायब्रीड वेगळं," संध्या म्हणाली.

"हायब्रीड ते हायब्रीडच. पहिल्या वर्षी जवारीचं कणीस बघावं तर हे एवढं. बघणाऱ्याची दृष्ट लागावी. त्याचंच बी धरलं, दुसऱ्या वर्षी पेरलं, तर एक ताट कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, आणि एकाला कणीसच नाही. आणि भाकरी? विचार आज्याला."

"चिखल," कोपऱ्यातून इंद्रसिंगचा बाप जान्या म्हणाला. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, कानानं कमी, पण भाकरीचा विषय त्याला बरोबर ऐकू यायचा. "चावायलाच नको. आपोआप खाली उतरते."

"आजा, अर्धं कॉलेजात शिकायचं आणि अर्धं फोनवर, त्याला हायब्रीड म्हणतात."

"अर्धं हे, अर्धं ते, त्यालाच हायब्रीड म्हणतात," इंद्रसिंग म्हणाला. "मी तरी काय वेगळं सांगतोय?"

चुलीपुढं बसलेल्या गुलाबबाईचा हात भाकरी थापता थापता थांबला. नवरा जवारीवरून भांडत नव्हता, हे तिला केव्हाच कळलं होतं. जवारीवरून भांडायचा तेव्हा त्याचा आवाज पाड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा. आज तो आवाज मधूनच बसत होता.

भांडणाचं मूळ कालच्या जेवणात होतं. संध्या शहाद्याच्या एका कॉलेजात बारावीला होती. मुलींच्या वसतिगृहाची एक बाजू दुरुस्तीला काढलेली, म्हणून मुलींच्या दोन तुकड्या पाडल्या होत्या. पंधरा दिवस एक तुकडी तिथं आणि दुसरी घरी, मग उलट. सकाळी कॉलेजातल्या मुलींचे तास, दुपारी साडेतीनपासून घरी असलेल्यांचे, फोनवर. तोरणमाळच्या घाटाखालच्या या पाड्यात फोनला रेंज नव्हती. होती ती मागच्या टेकडीवर, आणि तिथंही एका खडकाशीच. खडकापासून दोन हात सरकलं की फोनवरचं चाक गरगर फिरत राहायचं. फोनमध्ये चेहरा दिसला तरच हजेरी. शंभरातले पंचाहत्तर तास भरले नाहीत तर परीक्षेचा फॉर्म नाही. श्रावणात संध्या तापानं वीस दिवस अंथरुणावर होती, ते तास गेले ते गेलेच. आता एकही दिवस हातचा उरला नव्हता.

काल जीवशास्त्राच्या प्रिस्किला मॅडम शिकवता शिकवता थांबल्या आणि म्हणाल्या, "संध्या, तुझ्यामागं ते गवत कसं हलतंय गं?" संध्यानं वळून पाहिलं. काही नव्हतं. "वारा आहे, मॅडम," ती म्हणाली. फोनमधल्या सगळ्या मुली हसल्या. एक जण म्हणाली, "संध्याच्या मागं कुणीतरी फुकट शिकतंय." ही गंमत संध्यानं रात्रीच्या ताटावर सांगितली, त्या मुलीची नक्कल करून सांगितली. ताटावरचं कुणी हसलं नाही.

इंद्रसिंगनं फक्त विचारलं होतं, "बाकीचं गवत हलत होतं का?"

संध्याला ते आठवेना.

आणि आता सकाळी हे हायब्रीड निघालं होतं.

"पंधरा दिवस टेकडीवर गेली नाहीस तर काय होईल?" इंद्रसिंगनं विचारलं.

"फॉर्म भरू देणार नाहीत."

"नाही भरू दिला तर?"

"तर वर्ष गेलं, बा. नर्सिंगचं पण गेलं."

"वर्ष गेलं," इंद्रसिंग म्हणाला. "वर्षच गेलं ना? आणखी काही नाही ना गेलं?"

 संध्या उठून बाहेर गेली आणि उगाचच हंडा घासायला बसली. गुलाबबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि म्हणाली, "आज मी जाते तिच्याबरोबर."

"आणि शेतातल्या माळ्यावर पाखरं हाकायला कोण बसेल? जवारी कापायला बारा दिवस राहिलेत. राघूंचे थवे बघितलेस का?"

"बघितले. आज तू बस."

इंद्रसिंगनं पागोटं उचललं आणि तो निघून गेला. ओट्यावरून उतरताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. गेलं वर्षभर तो असाच चालायचा. दहा पावलं झाली की मान वळायची. कुणी बघितलं की खाकरून थुंकल्यासारखं करायचा.

गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या सिंधुबाईला ठिपकेवाल्या जनावरानं धरलं होतं. त्याचं नाव पाड्यात कुणी घेत नसे. नुसतं 'तो' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. पूर्वी तो डोंगरात असायचा आणि माणसं गावात. पुढं खालच्या उसात त्याची पिल्लं सापडू लागली. गुलाबबाई पोरवयात पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडं ऊस तोडायला जायची, तेव्हा फडातून कोयते टाकून पळालेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या. ऊस तुटला की तो पुन्हा वर डोंगराकडं सरकतो, असं जान्या म्हणायचा. सिंधुबाई बांधावर बसून गवत कापत होती. बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. ते त्याला शेळीएवढंच दिसतं. बायांनी आरडाओरडा केला, तिच्या सुनेनं दगड मारले, म्हणून ती वाचली. बांबूला झोळी बांधून चार जणांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. त्या चारांत इंद्रसिंग होता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं अंगातला सदरा काढला आणि धुवायला न देता जाळून टाकला. काय बघितलं, काय झालं, यातला एक शब्द त्यानं आजवर घरात काढला नव्हता.

दुपारी मायलेकी निघाल्या तेव्हा सिंधुबाई दारात अंबाडीची बोंडं सोलत बसली होती. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला. उन्हाळा असो, पावसाळा असो, तो सुटायचा नाही.

"काय गं गुलाब, तू पण बारावीत बसलीस का?"

"बसते. पास झाले तर तुला सुई टोचीन."

सिंधुबाई हसली. हसताना तिची मान एका बाजूला ओढली जायची. मग गुलाबबाईच्या हातातल्या विळ्याकडं तिची नजर गेली आणि हसू तिथंच थांबलं.  बोंड सोलता सोलता ती म्हणाली, "लोक विचारतात, दुखलं किती. दुखलं ते नंतर. मला आवाज आला नाही गं. इतका जवळ येईपर्यंत आला नाही. रोज तेवढंच आठवतं."

संध्या पुढं निघून गेली होती. गुलाबबाई भराभर तिच्यामागं चालू लागली.

गुलाबबाईचं सगळं आयुष्य कानांवर गेलं होतं. ती आठ वर्षांची असताना तिच्या बापानं शेतात माळा बांधला, चार सागाचे खांब, वर बांबूची ताटी, त्यावर गवताचं छप्पर, आणि हातात गोफण देऊन तिला वर बसवलं. शाळेत तिचं नाव होतं. गुरुजी चांगले होते, ते तिची रोज हजेरी मांडायचे. "गुलाब हजर," असं वर्गात म्हणायचे म्हणे, आणि गुलाब माळ्यावर हजर असायची. अशा रीतीनं ती चौथी पास झाली आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती. पण डोळे मिटून ती सांगू शकायची, रान कोणी हलवलं. डुक्कर ताट मोडतं, त्याचा कडकड आवाज होतो. काट्यांची साळू कुरतडते. कोल्हा पाचोळ्यावरून थांबत थांबत चालतो. माणूस खोकतो. आणि तो चालतो तेव्हा आवाजच होत नाही, उलट होत असलेले आवाज थांबतात. किडे गप्प होतात. बापानं हे एकदाच सांगितलं होतं. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा इंद्रसिंगच्या शेतातही माळा होता, आणि तिला नव्या घरातली तेवढी एकच जागा ओळखीची वाटली होती.

टेकडीवर वारा होता. खडक म्हणजे गुडघ्याएवढा एक काळा दगड. त्याच्या पलीकडं उतार, उतारावर छातीएवढं वाळलेलं गवत, आणि गवताखाली ओहोळ. संध्या खडकाला पाठ लावून खाली बसली, मांडीवर वही घेतली, फोन समोरच्या दगडांच्या खाचेत उभा केला. वाऱ्यात फोनचा आवाज उडून जाई म्हणून कानात इअरफोन लागायचे. त्यातला डावा कधीच बंद पडला होता. उजवा कानात खुपसून डाव्या कानावर ती तळहात दाबून धरायची. म्हणजे दोन्ही कान बंद, मान खाली, पाठ गवताकडं.

गुलाबबाईनं ते बघितलं. पोरगी इथं अशी बसत असेल, हे तिला घरात बसून दिसलंच नव्हतं.

"आय, तू फोनमध्ये येऊ नकोस हं. मुली हसतील."

"नाही येत."

ती वळसा घालून खडकाच्या मागं गेली. तिथं पायवाटेवर बारीक धूळ होती, भाकरीच्या पिठासारखी. धुळीत पावलं होती. पाच. गोल, तळहाताएवढी. कुत्र्याच्या पावलापुढं नखांची टोकं उमटतात. इथं टोकं नव्हती. पाचवं पाऊल खडकाच्या अगदी मागं होतं. तिथं गवत दाबलेलं, एखादं वासरू बसून उठावं तसं. गुलाबबाईनं खडकाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत नजरेनं मोजलं. संध्याची वेणी आणि ते दबलेलं गवत, मधे हातभर दगड.

कालचं गवत वाऱ्यानं हललं नव्हतं.

तिला वाटलं आपण ओरडलो. पण ओरडली नव्हती.  पहिला विचार आला तो पोरीला ओढत खाली न्यायचा. दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला. ही पावलं संध्यानं बघितली तर ती घरी सांगेल. सांगितलं की इंद्रसिंग फोन काढून घेईल, आणि तो चुकला असं कुणाला म्हणता येणार नाही. मग वर्ष गेलं. मग पुढच्या वर्षी कुणीतरी स्थळ आणेल. मग ही पण कुठल्या तरी शेतात माळ्यावर.

गुलाबबाईनं पाऊल पुढं टाकलं आणि टाचेनं एकेक ठसा पुसला. पाच पुसले.  आता हे ठाऊक असणारं माणूस सगळ्या डोंगरात एकच होतं, आणि तिनं ते पोटात ठेवलं होतं.

ती दहा पावलं मागं सरकली आणि तिथून हळूच म्हणाली, "संध्या."

पोरगी लिहीत होती.

"संध्या!" आवाज थोडा मोठा.

लिहिणं चालूच.

"ए संध्या, आग लागली!"

संध्यानं पान उलटलं.

तेव्हा गुलाबबाई पुढं निघाली. चपला काढून ठेवल्या. गवत बाजूला सारत, पाऊल आधी कडेवर टेकवत, मग पूर्ण, रानात चालतात तशी. दहा पावलं, पाच, दोन. ती खडकावर ओणवी झाली. वेणीतली लाल रिबीन तिच्या हनुवटीखाली आली. मानेवरची बारीक लव दिसली, तिथं घाम होता. फोनभर मॅडमनी दाखवलेले हृदयाचे चार कप्पे होते, मुलींचे चेहरे त्यामागं दिसेनासे झाले होते. गुलाबबाईनं हात पुढं केला, बोटं मानेपासून चार अंगुळांवर थांबवली, आणि थांबून राहिली. पोरीला कळलं नाही. गुलाबबाईनं श्वास सोडला तो मानेवर गेला असेल, तरी तिला तो वारा वाटला. तिनं डाव्या कानावरचा हात क्षणभर उचलून मान खाजवली आणि पुन्हा कान दाबला.

गुलाबबाईनं हात मागं घेतला. चपलांपर्यंत परत जाताना तिला वाटत होतं की आपण काहीतरी भयंकर करून आलो आहोत.

ती मग बसली नाहीच. विळा घेऊन, गवताकडं तोंड करून खडकाच्या मागं जरा बाजूला उभी राहिली. साडेपाचला ऊन समोरच्या डोंगराआड गेलं. गवताचा रंग उतरला. मागं मॅडमचा आवाज नव्हता, तो पोरीच्या कानात होता. मागं फक्त पेनाची खरखर. पुढं किडे किर्र करत होते. गुलाबबाई त्यांना धरून उभी होती, दोरी धरावी तशी.

आणि खाली ओहोळाच्या बाजूला किडे थांबले.

सगळे नाही. एका पट्ट्यातले. मग तो पट्टा जरा वर सरकला. गवताचं पातं हललं नाही. गुलाबबाईनं विळा खडकावर आपटला. ठण्. पुन्हा ठण्. मग ती पाखरं हाकताना ओरडते तशी ओरडली, नाभीपासून, "हाऽऽऽ होऽऽऽ!" डोंगरानं ते परत पाठवलं. ती ओरडत राहिली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. घसा खरवडला तेव्हा थांबली. खालच्या बाजूला किडे एकेक करून पुन्हा लागले. उजवीकडचे आधी, मग डावीकडचे.

"आय!" संध्या इअरफोन काढून उभी होती, लाजेनं लाल. "अगं मॅडमनी ऐकलं! विचारत होत्या, कोण ओरडतंय?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आई पाखरं हाकते."

"बरोबर सांगितलंस."

"इथं कुठली पाखरं?"

गुलाबबाईनं उत्तर दिलं नाही. ती फोनकडं बघत होती. "तास संपला?"

"संपला. हजेरी लागली."

"मग फोन चालू आहे तोवर खडकावर चढ. फोन डोक्यावर धर. वर धरला की त्या रेंजच्या दांड्या वाढतात का कमी होतात?"

संध्या आईकडं बघत राहिली. मग खडकावर चढली, हात उंच केला, मान मागं टाकून बघितलं. "वाढतात. दोनाच्या तीन झाल्या."

"आणखी पुरुषभर वर नेला तर?"

"तिथं कोण नेणार?"

"उतर. चल. पुढं चाल, मी मागून येते. कानात काही घालू नकोस."

सगळी वाट गुलाबबाई पाठीकडं तोंड करूनच उतरली म्हटलं तरी चालेल. पाड्यातली पहिली चूल दिसली तेव्हा तिला कळलं की विळ्याच्या मुठीवरची बोटं तिला उघडता येत नाहीत. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं.

इंद्रसिंग शेतातून येऊन ओट्यावर बसला होता. जान्या चुलीशी. इंद्रसिंगनं आधी पोरीकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, दोनदा. मग खाकरला.

"राघूंनी पूर्वेची कड साफ केली," तो म्हणाला. "मला नाही तुझ्यासारखी गोफण जमत. काय होतं वर?"

"वारा," गुलाबबाई म्हणाली.

तिनं हातपाय धुतले. धुळीनं भरलेली टाच दगडावर घासघासून धुतली. आत येऊन पिठाचा डबा उघडला, आणि पीठ मळायला घेण्याआधी उभ्यानंच बोलली.

"माळा शेतातून काढायचा. टेकडीवर बांधायचा. खडकाच्या बाजूला."

"काय?" इंद्रसिंग म्हणाला.

"माळा. संध्या त्याच्यावर बसेल. मी पण बसेन. ती फोनकडं बघेल, मी गवताकडं."

"आणि जवारी? गावठी बी आहे ते, माझ्या आज्याच्या हातचं. बारा दिवस राहिलेत, गुलाब. सगळी पाखरांच्या पोटात जाईल."

"बियाण्यापुरती पिकलेली कणसं मी उद्या पहाटेच खुडून आणते. बाकीच्याला तू शेतात उभा राहा. डबा वाजव. गोफण जमत नाही तर शिक. जेवढी जाईल तेवढी जाईल. हायब्रीड असो की गावठी, राखणीवाचून घरात काही येत नाही, हे तुला मी सांगायला नको."

"माळ्यावर तो चढतो," कोपऱ्यातून जान्या म्हणाला. आज त्याला सगळंच ऐकू येत होतं.

"चढू दे, मामा. चढताना ऐकू येतो."

 इंद्रसिंग बायकोकडं बघत होता. म्हाताऱ्यानं त्याचा विषय काढला होता, पण ऐकू येतो म्हणाली होती ती, आज ऐकून आल्यासारखी. त्यानं तोंड उघडलं. मग दाराशी उभ्या असलेल्या पोरीकडं त्याची नजर गेली आणि त्यानं ते मिटलं. उठून त्यानं आढ्याला अडकवलेला दोर खाली काढला आणि त्याची गाठ सोडवायला बसला.

"आय, वर खरंच काही होतं का?" संध्यानं विचारलं.

"पाण्याचा तांब्या दे," गुलाबबाई म्हणाली. "आणि सगळ्यांनी ऐकून ठेवा. पाखरं उठायच्या आधी खांब उपटायचे. पाड्यातल्या दोघांना हाक मारा. तिचा तास साडेतीनला आहे, तोवर माळा उभा झाला पाहिजे."